टिरेट्टा बाजारातील चिनी न्याहारी

कलकत्त्याला (२००१ पासून कोलकाता) रविवारी पहाटे साडेपाचला एखादा मराठी माणूस चिनी खाणे शोधत निघाला आहे, हे ऐकून आमच्या घरचे हसले होते. पण माझे बंगाली स्नेही याबाबतीत कमालीचे गंभीर होते. "साडेसातनंतर गेलात तर रिकामी पातेली बघून याल," असे त्यांनी आदल्या रात्रीच बजावले होते. त्यामुळे अंधार पुरता निवळण्याआधी लालबाजारच्या पोलीस मुख्यालयावरून आम्ही पोद्दार कोर्टाच्या मागल्या रस्त्याला लागलो. आसपासची दुकाने बंद, रस्ता नुकताच धुतलेला, आणि कडेने दहा-बारा माणसे स्टुलांवर बसलेली. प्रत्येकापुढे अॅल्युमिनियमचे मोठे भांडे. झाकण उघडले की वाफेचा लोट उठायचा आणि आले, कांद्याची पात व डुकराच्या मांसाचा वास रस्ताभर पसरायचा.

हा टिरेट्टा बाजार. इथे रविवारी सकाळी जे मिळते त्याला कलकत्तेकर 'चायनीज ब्रेकफास्ट' म्हणतात. मांस भरलेले पांढरेशुभ्र वाफवलेले पाव, वरून उघडे ठेवलेले सिउ माय, माशाच्या गोळ्यांचे सूप, पानात बांधून शिजवलेला चिकट भात. मी मात्र मनात एकच पदार्थ धरून गेलो होतो. ज्याच्या पोटात गरम रस्सा असतो आणि जो चमच्यात धरून, बाजूला बारीक भोक पाडून, आधी रस्सा ओढून मग खायचा असतो, त्या चिनी पुरचुंडीबद्दल मी पुष्कळ वाचले होते. सत्तरीच्या एका चिनी बाईंना मी त्याबद्दल विचारले. त्यांनी भांड्यावरचे झाकण तसेच ठेवले आणि कलकत्त्याच्या खास हिंदीत म्हणाल्या, "वो हमारा नहीं है. वो शांघाईवालों का है. हम लोग हक्का हैं."

बाईंचे ते एक वाक्य मला इतिहासाच्या दारात उभे करून गेले. दोन्ही पदार्थ चिनी, दोन्ही वाफेवरचे. मग एक कलकत्त्याच्या रस्त्यावर पिढ्यान् पिढ्या मिळावा आणि दुसरा मिळू नये, असे का? त्याचे उत्तर शोधताना मला जे सापडले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

*

प्रथम त्या रस्साभरल्या पुरचुंडीविषयी. चिनी भाषेत तिला शियाओलुंगपाओ म्हणतात. शियाओ म्हणजे लहान, लुंग म्हणजे वाफवण्याची बांबूची टोपली आणि पाओ म्हणजे पुरचुंडी. शांघायजवळ नानशियांग नावाचे गाव आहे. तेथील हुआंग मिंगशियान या दुकानदाराने १८७१ च्या सुमारास मोठ्या भरल्या पावाला लहान, पातळ पारीचे रूप दिले, अशी परंपरा आहे. पुढे १९०० साली शांघाय शहरात, नगरदेवतेच्या मंदिराजवळच्या यूयुआन बागेशेजारी नानशियांगच्या पुरचुंड्यांचे दुकान निघाले. ते आजही गर्दीचे ठिकाण आहे.

आत रस्सा जातो कसा, हे कोडे आपल्याकडच्या गृहिणीला चटकन उलगडेल. डुकराची कातडी तासन् तास उकळून तिचा अर्क काढतात आणि तो थंड होऊ देतात. थंड झाला की तो खरवसासारखा थरथरता घट्ट होतो. तो बारीक कापून खिम्यात मिसळायचा, हे सारण पातळ पारीत ठेवायचे आणि उकडीच्या मोदकासारख्या चुण्या घालून तोंड मिटायचे. चुण्या किमान अठरा असाव्यात, असा जाणकारांचा आग्रह असतो. वाफ लागली की खरवसाचा पुन्हा रस्सा होतो. पारी जाड झाली तर पिठाचा गोळा खाल्ल्यासारखे वाटते, आणि फार पातळ झाली तर उचलतानाच फाटून रस्सा टोपलीत जातो. मोदक करणाऱ्या बाईचा हात जसा शेंड्यावरून ओळखावा, तसा इथला कारागीर चुण्यांच्या गाठीवरून ओळखायचा. ती गाठ कच्ची आणि कोरडी लागली, तर हात कच्चा.

शांघायमध्ये राहणाऱ्या क्रिस्तोफर सेंट कॅविश या अमेरिकी लेखकाने तर या शोधाचे शास्त्रच केले. तराजू, कात्री आणि जाडी मोजायचे उपकरण घेऊन तो शहरातल्या ५२ दुकानांत हिंडला. प्रत्येक पुरचुंडी कापून त्याने रस्सा किती, सारण किती, पारी किती जाड, हे नोंदले. सारण व रस्सा यांच्या वजनाला पारीच्या जाडीने भागून दुकानांना गुण दिले आणि २०१५ साली ही 'शांघाय सूप डंपलिंग निर्देशिका' प्रसिद्ध केली. गंमत म्हणून केलेले काम, पण त्यामागचे गृहीतक विचार करण्यासारखे आहे. ज्या शहरात अशी ५२ दुकाने तुलनेसाठी मिळतात, तिथेच तराजू उपयोगी पडतो. कलकत्त्यात तो नेला तर तोलायचे काय?

या पुरचुंडीचे गोत्र मात्र शांघायहून जुने आहे. उत्तर सुंग राजवटीची राजधानी कैफेंग ११२७ साली जुर्चेन टोळ्यांच्या हाती पडली आणि लक्षावधी माणसे दक्षिणेकडे पळाली. त्यांपैकी मेंग युआनलाओ नावाच्या एका गृहस्थाने वीस वर्षांनी, ११४७ मध्ये, हरवलेल्या राजधानीच्या आठवणी लिहून काढल्या. त्यात राजवाडे आणि मिरवणुका आहेत, तशीच खाण्याची दुकानेही नावानिशी आहेत, आणि भरल्या पुरचुंड्यांचीही आहेत. आजचे कैफेंगकर आपल्या रसभरल्या पुरचुंडीचे नाते त्या दुकानांशी जोडतात.

आठशे वर्षांनी पुन्हा तसेच घडले. चीनमधील यादवी युद्धाच्या शेवटी, १९४९ च्या आगेमागे, मुख्य भूमीवरून माणसांचे लोंढे तैवानला गेले. शान्सी प्रांतातला यांग बिंग-यी हा तरुण १९४८ मध्ये तिथे पोहोचला. १९५८ साली त्याने तैपेईत तेलाचे दुकान काढले. डब्यातले तेल सर्वत्र मिळू लागल्यावर धंदा बसला, म्हणून १९७२ मध्ये दुकानाच्या अर्ध्या भागात शियाओलुंगपाओ सुरू केले. हेच आजचे जगप्रसिद्ध 'दिन ताय फुंग'. १९९३ साली 'न्यूयॉर्क टाइम्स'ने जगातल्या उत्तम दहा उपहारगृहांत त्याची गणना केली. यांग स्वतः शांघायचा नव्हता, हे इथे लक्षात घेण्याजोगे. पण तैपेईत शांघायकडची माणसे होती, त्यांची जीभ होती. पाओ खराब असेल तर 'खराब' म्हणणारे गिऱ्हाईक रोज दारात होते.

*

आता कलकत्त्याच्या न्याहारीकडे. तिचे मूळ दक्षिणेकडच्या ग्वांगदोंग प्रांतात, म्हणजे इंग्रज ज्याला कॅंटन म्हणत त्या ग्वांगजौ शहराच्या परिसरात आहे. तिथे सकाळी चहाच्या दुकानात जाऊन चहाबरोबर लहान लहान पदार्थ खाण्याची चाल आहे. त्या जाण्याला 'यम चा', म्हणजे चहा पिणे, म्हणतात आणि त्या पदार्थांना 'डिम सम'. या शब्दांचा अर्थ 'हृदयाला किंचित स्पर्श' असा सांगतात. आपल्या भाषेत म्हणायचे तर पोटभर जेवण नव्हे, मन राखण्यापुरते. कोळंबीच्या सारणाचे, काचेसारख्या पारदर्शक पारीचे हार गाव. उघड्या तोंडाचे सिउ माय. भाजलेल्या मांसाचे चा सिउ पाव ही त्यातली ठळक नावे. चहाचे एक भांडे आणि दोन पदार्थ एवढ्यावर म्हातारी माणसे वर्तमानपत्र वाचत अर्धी सकाळ काढीत.

मग भारतात ग्वांगदोंगचेच लोक का आले? कारण व्यापारात आहे. १७५७ पासून चीनच्या बादशहाने समुद्रमार्गे येणाऱ्या युरोपीय व्यापाऱ्यांना एकट्या कॅंटनचे बंदर मोकळे ठेवले होते. ही स्थिती पहिल्या अफू-युद्धानंतरच्या १८४२ च्या नानकिंग तहापर्यंत टिकली. म्हणजे तब्बल ८५ वर्षे कलकत्त्याहून चीनला जाणारे प्रत्येक इंग्रज जहाज कॅंटनला लागत होते. जाताना अफू, येताना चहा. बिहार आणि बनारसकडची अफू कंपनी कलकत्त्यात लिलावाने विकी. आणि हे प्रकरण इंदूर-ग्वाल्हेरच्या वाचकांना परके वाटण्याचे कारण नाही. होळकर आणि शिंदे यांच्या मुलखातली माळव्याची अफू पश्चिम किनाऱ्यावरून त्याच कॅंटनला जात होती. माळव्याच्या शेतांत पिकलेल्या त्या खसखशीच्या बोंडांनी कॅंटनच्या चहाची किंमत चुकवली आहे.

शांघाय परकीय व्यापाराला खुले झाले ते १८४३ मध्ये. तोवर कलकत्त्यातल्या चिनी वस्तीचा पाया घालून सहा दशके उलटून गेली होती. नानशियांगच्या हुआंगने पातळ पारी लाटायला घेतली तेव्हा ती वस्ती नव्वदी ओलांडून गेलेली होती. टिरेट्टा बाजारातली बाई 'वो हमारा नहीं है' म्हणाली, त्याचा अर्थ हा असा आहे. तिचे पूर्वज ज्या वाटेने आले त्या वाटेवर शांघाय नव्हतेच.

*

या वस्तीचा मूळ पुरुष म्हणजे टोंग आछ्यू. १७७० च्या दशकाच्या अखेरीस तो बंगालमध्ये आला. वॉरन हेस्टिंग्जने त्याला बजबजजवळ हुगळीच्या काठी जमीन दिली आणि त्याने ऊस लावून साखरेचा कारखाना काढला. (साखरेला बंगाली-हिंदीत 'चिनी' म्हणतात, तो शब्द आछ्यूहून पुष्कळ जुना आहे.) त्याने आणलेले मजूर कलकत्त्यातले लोक फूस लावून पळवतात, अशी त्याची तक्रार होती आणि १७८१ मध्ये सरकारला त्याबद्दल जाहीर ताकीद द्यावी लागली. थोड्याच वर्षांत तो वारला, कारखाना बुडाला, मजूर शहरात पांगले. त्या जागेला आजही अछिपूर म्हणतात. नदीकाठी त्याची घोड्याच्या नालाच्या आकाराची तांबडी समाधी आहे. चिनी नववर्षाच्या सुमारास कलकत्त्याचे चिनी तिथे दर्शनाला जातात.

शहरात आलेले लोक लालबाजारच्या पाठीमागे स्थिरावले. तिथला बाजार एडवर्ड टिरेट्टा या व्हेनिसकडून आलेल्या, कंपनीच्या चाकरीत रस्ते व इमारतींचा अधीक्षक असलेल्या गृहस्थाचा होता. त्याचे नाव मागे राहिले. पुढे आलेल्यांनी आपापल्या प्रांताप्रमाणे धंदे वाटून घेतले. कॅंटनी लोक सुतार, जहाजाच्या गोदीतले पटाईत. हक्का लोकांनी चामडे आणि जोडे धरले; बेंटिंक स्ट्रीटवरची त्यांची दुकाने साऱ्या शहराला ठाऊक होती. हुपेइ प्रांतातले दात बसवणारे. एकाने यायचे, मग भाऊ, मग भाचा, मग गावातला शेजारी अशी ती साखळी होती. त्यामुळे दीडशे-दोनशे वर्षांतही माणसे त्याच त्या जिल्ह्यांतून येत राहिली. मुंबईत माझगावला १९१९ मध्ये स्थापन झालेले चिनी मंदिर आहे, त्याचे नाव 'सी यप कून'. सी यप म्हणजे ग्वांगदोंगमधले 'चार तालुके'. नावातच गाव सांगून ठेवले आहे.

चिनी माणूस आपल्या डोंगरातही येऊन गेला आहे. महाबळेश्वरला इंग्रजांनी चिनी व मलायी कैद्यांचा तुरुंग ठेवला होता, १८३४ ते १८६४ अशी तीस वर्षे. या कैद्यांनी तिथे भाजीचे मळे फुलवले. त्या मळ्यांवरूनच 'चायनामन फॉल'चे नाव पडले. पण कैद्याला घर नसते, बायको-पोरे नसतात. म्हणून महाबळेश्वरात नाव आणि मळे राहिले, चूल राहिली नाही. टिरेट्टा बाजारात कुटुंबे होती, देवळे होती, शाळा होत्या. १९२० च्या दशकात तिथे 'नानकिंग' नावाचे उपहारगृह निघाले आणि कलकत्त्याचे बडे लोक तिथे जेवायला जाऊ लागले. रस्त्यावरची न्याहारी मात्र बड्या लोकांसाठी नव्हती. रविवारी सुट्टी असलेल्या सुताराने आणि जोडेवाल्याने, आपल्या भाषेत बोलत, उभ्या उभ्या खायची ती गोष्ट होती.

*

२० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने आक्रमण केले. २१ नोव्हेंबरला युद्ध थांबले. एका महिन्याच्या त्या युद्धाची जखम आपण सारे जाणतो. तिची दुसरी बाजू मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. त्या दिवसांत झालेल्या कायद्यांनी चिनी वंशाच्या माणसाला, तो इथे जन्मलेला असला तरी, परकीयांचे नियम लागू केले. आई-बाप किंवा आजा-आजी यांपैकी कोणी चीनचा असला तरी पुरे होते. आसाम, दार्जिलिंग, कालिंपाँग, शिलाँग इथल्या सुमारे तीन हजार माणसांना, म्हाताऱ्यांपासून तान्ह्या पोरांपर्यंत, आगगाडीत बसवून राजस्थानातल्या देवली येथील छावणीत नेऊन ठेवले. याच देवलीत १९४० नंतर इंग्रजांनी जयप्रकाश नारायण आणि कॉम्रेड डांगे यांना डांबले होते. काही कुटुंबे तिथून चीनला पाठवली गेली. उरलेल्यांपैकी शेवटची माणसे १९६७ मध्ये सुटली. परत आली तेव्हा कित्येकांची घरे आणि दुकाने दुसऱ्यांच्या हाती गेली होती. छावणीतच जन्मलेल्या जॉय मा आणि मुंबईचे लेखक दिलीप डिसूझा यांनी २०२० मध्ये 'द देवलीवालाज' या पुस्तकात ही हकीकत मांडली आहे.

कलकत्त्यातले बहुतेक चिनी छावणीत गेले नाहीत. पण शहराबाहेर जायचे तर पोलिसांचा परवाना, ठाण्यावर हजेरी, गेलेल्या नोकऱ्या आणि शेजाऱ्याच्या डोळ्यांत आलेला संशय, हे त्यांच्या वाट्याला आले. ज्याला शक्य झाले तो हाँगकाँगला गेला, कोणी ऑस्ट्रेलियाला, पुष्कळ कॅनडाला. एकेकाळी वीस हजारांच्या आसपास सांगितली जाणारी ही वस्ती आज दोन-तीन हजारांवर आली आहे. 'नानकिंग' १९७० च्या दशकात बंद पडले.

माणसे जातात तेव्हा केवळ स्वयंपाकी जात नाही, चव सांगणाराही जातो, आणि मला वाटते खाण्याचे खरे नुकसान तिथे होते. उरलेल्यांनी मग नव्या गिऱ्हाइकाकडे तोंड वळवले. टँगऱ्यात हक्कांच्या कातडी कमावण्याच्या कारखान्यांची वसाहत होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये प्रदूषणाच्या कारणावरून ते कारखाने शहराबाहेर हलवण्याचा आदेश दिला. बऱ्याच मालकांनी कारखान्याच्या जागी उपहारगृहे थाटली. तिथे हिरवी मिरची, लसूण आणि सोया सॉस यांचे ते तिखट चिनी जेवण मिळते, जे आज बेळगावपासून बडोद्यापर्यंत गाडीगाडीवर दिसते. कलकत्त्यात वाढलेल्या नेल्सन वाँग यांनी १९७५ मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लबात 'चिकन मंच्युरियन' केले, असे सांगतात. तेही याच कुळातले. मौज अशी की टोरंटोत स्थायिक झालेल्या कलकत्त्याच्या हक्कांनी तिथे हेच तिखट जेवण 'हक्का' नावाने चालवले आहे. परदेशी गेलेला कलकत्त्याचा चिनी भारताच्या आठवणीने चिली चिकन खातो.

या वस्तीला स्वतःचे वर्तमानपत्रही होते. 'ओव्हरसीज चायनीज कॉमर्स ऑफ इंडिया' हे चिनी भाषेतले पत्र १९६९ पासून कलकत्त्यातून निघत होते. २०२० मध्ये, महामारीच्या वर्षी, ते थांबले. त्याच वर्षी त्याचे संपादकही वारले. मूळ मुलखापासून दूर राहून आपल्या भाषेचे नियतकालिक चालवणे म्हणजे काय, हे या अंकाच्या वाचकांना मी सांगायला नको.

*

मॉलमधल्या काचेच्या उपहारगृहांत आता शियाओलुंगपाओ मिळते. मी तिथेही खाऊन पाहिले. पारी पातळ होती, रस्सा गरम होता, कॅविशच्या तराजूवर कदाचित बरे गुणही पडले असते. पण चूक झाली तर सांगणारे त्या टेबलांवर कोणी नव्हते. माझ्यासारखेच सारे पहिल्यांदा खाणारे.

टिरेट्टा बाजारात त्या सकाळी स्टुलांवर बसलेल्यांपैकी निम्मे विक्रेते चिनी नव्हते. मोमो होते, पुरी-भाजीही होती. बाईंकडे मी चार सिउ माय घेतले. पारीची कड एका बाजूला किंचित सुकली होती. सारण मात्र रसदार होते आणि मिठाचे प्रमाण अचूक. मी खात असताना एक वयस्कर चिनी गृहस्थ सायकल लावून आले. त्यांनी एक सिउ माय तोंडात टाकला, क्षणभर थांबले आणि बाईंना आपल्या भाषेत काहीतरी सुनावले. बाई तावातावाने उत्तर देऊ लागल्या. माझे स्नेही माझ्या कानाशी म्हणाले, "दर रविवारी यांचे हेच चालते. याला आले कमी लागते आणि हिला तो पटत नाही."

त्यांनी सहा बांधून घेतले आणि सायकलवर टांग टाकली. बाईंनी झाकण लावले आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अगले हफ्ते आना. जल्दी आना."